सकळ लिपी ही लिपी नव्हे

महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा विषय निघाला की ‘गुप्तलिपी’ हा शब्द हमखास येतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मोडीलाही कित्येकजण गुप्तलिपी म्हणतात. मोडीत गुप्त असं काही नव्हतं. भरभर लिहिता यावं म्हणून दफ्तरांत रुळलेलं ते वळण, शिकलेल्या कोणालाही वाचता येई. या पोथ्यांतल्या सकळ लिपीची गोष्ट निराळी. तिच्यात मूळ अक्षराच्या जागी ठरवून दुसरंच अक्षर येतं. म्हणजे ही अक्षरांची अदलाबदल झाली. पंथात तिला लिपी म्हणत, अभ्यासकांनीही तेच नाव उचललं, आणि वाचणारे अजून तिची वळणं शिकायला बघतात, जेव्हा हवी असते ती किल्ली.

युक्ती जुनीच. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प, म्हणजे गुप्त लिखाणाची कला, आहेच. त्यावरच्या जयमंगला टीकेत मूलदेवीय पद्धत येते: ख-ग, च-ट, त-प, न-म अशा जोड्यांतली अक्षरं एकमेकांच्या जागी लिहायची. ‘गत’ लिहायचं तर ‘खप’.

खरा वाद आहे तो चौदाव्या शतकातल्या निर्णयाचा. पंथाने आपले ग्रंथ असे बंद का केले? कोणी यादवांच्या पाडावानंतरची धामधूम सांगतात, कोणी सनातन्यांचा विरोध, तर कोणी ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये ही काळजी. मला तिसरं कारण सर्वांत वजनदार वाटतं, आणि तेच सर्वांत बोचतं. संस्कृतात लिहिलंत तर साध्या माणसांचं, म्हाताऱ्या बायकांचं नुकसान होईल, म्हणून मराठीचा हट्ट धरला तो याच पंथाने. पुढे त्याच मराठीला कुलूप लागलं. बाहेरच्यांना वाचता येईना, तेव्हा पंथाबद्दल नाही नाही ते समज पसरले. पण दुसरी बाजूही तितकीच खरी: पंथाबाहेरच्या हातांची ढवळाढवळ टळली आणि तेराव्या शतकाची बोली बरीचशी शाबूत राहिली.

असं कुलूप फार पक्कं नसतं. अक्षराचा पर्याय कायम एकच असेल, तर ते मुळात जितक्या वेळा येतं तितक्याच वेळा त्याचा पर्यायही येतो. ही मोजणी नवव्या शतकात बगदादच्या एका विद्वानाने लिहून ठेवली होती. आपल्या जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत, त्यामुळे प्रत्यय चटकन हाती लागत नाहीत. पण लीळाचरित्रात, म्हणजे पंथसंस्थापक चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या गद्य ग्रंथात, ‘सर्वज्ञें म्हणितलें’ (चक्रधर म्हणाले) पुन्हा पुन्हा येतं, आणि असा एक तुकडा सुटला की पुढची अक्षरं आपोआप उलगडत जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी एका इतिहास-संशोधकाने सकळ लिपी उलगडली. पुढे लीळाचरित्र छापून आलं आणि मराठी गद्याचा आरंभ ज्ञानेश्वरीच्या, म्हणजे १२९० च्या, मागे गेला.