चहावरचे तीन पेन्स

1 मे 1769 रोजी लंडनमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाची बैठक झाली. अमेरिकी वसाहतींत काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर दोन वर्षांपूर्वी बसवलेली जकात ठेवायची की उठवायची, हा प्रश्न होता. पहिल्या चार वस्तूंबद्दल फारसा वाद झाला नाही. त्या ब्रिटनमध्येच तयार होत, आणि आपल्याच मालावर जकात लावून त्याचा खप मारणे हा आतबट्ट्याचा धंदा आहे हे सगळ्यांना पटले होते. घोडे अडले ते चहापाशी. चहावरची जकात ठेवावी या बाजूने पाच मते पडली, विरुद्ध चार. विरुद्ध मत देणाऱ्यांत खुद्द पंतप्रधान होते. पौंडभर चहामागे तीन पेन्स ही रक्कम अशी एका मताने कायद्यात राहून गेली.

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची कारणे म्हणून ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातले सात वर्षांचे युद्ध, 1763 चा तह, जवळपास दुप्पट झालेले ब्रिटनचे कर्ज, अमेरिकेत ठेवायच्या दहा हजार सैनिकांचा खर्च, ॲपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करायला घातलेली बंदी हे सगळे ठाऊकच असते. 1764 च्या काकवीच्या कायद्याकडे मात्र लक्ष जात नाही. त्या कायद्याने गॅलनमागे सहा पेन्सची जकात निम्म्यावर आणली. पण सहा पेन्स कोणी भरतच नव्हते. तीन पेन्स आता खरोखर वसूल होणार होते, आणि चोरटा माल पकडला गेल्यास खटला ज्युरी नसलेल्या आरमारी न्यायालयात चालणार होता. दर उतरवायचा आणि वसुली आवळायची, ही चाल पुढे चहाच्या वेळी पुन्हा दिसते.

छापील आणि कायदेशीर कागदांवर कर बसवणारा 1765 चा मुद्रांक कायदा आला आणि वर्षभरात गेला. तो रद्द झाला त्याच दिवशी, 18 मार्च 1766 ला, दुसरा एक छोटा कायदा मंजूर झाला: वसाहतींना बांधील असे कायदे ‘कोणत्याही आणि सर्व बाबतींत’ करण्याचा हक्क पार्लमेंटला आहे. बॉस्टनमध्ये मुद्रांक गेल्याच्या आनंदात रोषणाई झाली. दुसरा कायदा फार थोड्यांनी नीट वाचला.

खरा गुंता शब्दांचा आहे. बंदरात मालावर जे पैसे घेतात त्याला आपण जकात म्हणतो, आणि सरकारने उत्पन्नासाठी घेतलेल्या कुठल्याही पैशाला कर. व्यवहारात दोन्ही खिशातूनच जातात, म्हणून हा फरक कोणाला कीस काढल्यासारखा वाटेल. वसाहतींत मात्र तो शंभर वर्षे मुरलेला होता. साम्राज्याचा व्यापार कुठून कसा वाहावा हे ठरवण्यासाठी लंडनने जकात लावावी, याला त्यांची हरकत नव्हती. घरातला कर मात्र प्रांताच्या आपल्या सभेनेच बसवायचा. फेब्रुवारी 1766 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी म्हणून लंडनला राहणाऱ्या एका वयस्क मुद्रकाने पार्लमेंटसमोर साक्ष दिली, तीत त्याने ‘आतला’ कर आणि ‘बाहेरचा’ कर असा भेद सांगितला. लंडनच्या अर्थमंत्र्याने त्याचा सोयीस्कर अर्थ लावला: बाहेरचा चालतो ना, मग बाहेरचाच बसवू. पाच वस्तूंवरची 1767 ची जकात ही अशी जन्मली.

पण त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिले होते की हे पैसे महसुलासाठी आहेत, आणि त्यांतून वसाहतींतील न्यायदानाचा व मुलकी कारभाराचा खर्च भागवायचा. फिलाडेल्फियाच्या एका वकिलाने शेतकऱ्याच्या नावाने बारा पत्रे छापली आणि नेमक्या याच ओळीवर बोट ठेवले. जकात कुठे गोळा होते हे पाहू नका, कशासाठी गोळा होते ते पाहा, असा त्याचा युक्तिवाद. व्यापाराला वळण लावण्यासाठी असेल तर ती जकात; महसुलासाठी असेल तर तो कर, मग तो बंदरात घ्या नाहीतर चुलीपाशी. माझ्या मते या दशकात एवढे नेमके दुसरे कोणी लिहिले नाही.

महसूल कशासाठी, याचे उत्तर गव्हर्नरच्या पगारात होते. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर राजा नेमी, पण त्याचा पगार प्रांताची सभा मंजूर करी. नेमणूक तिकडची आणि पोटपाणी इकडचे, त्यामुळे गव्हर्नरला सभेशी जुळवून घ्यावे लागे. 1772 मध्ये जाहीर झाले की त्याचा पगार यापुढे राजाकडून, म्हणजे जकातीच्या पैशातून मिळेल. मागोमाग वरिष्ठ न्यायाधीशांचीही तीच व्यवस्था होणार असल्याची बातमी आली. बॉस्टनच्या नगरसभेने त्याच नोव्हेंबरात गावोगावच्या लोकांशी पत्रव्यवहार ठेवण्यासाठी एक समिती नेमली. पुढे प्रांताप्रांतांत अशा समित्या झाल्या. चहाचे जहाज तेव्हा कुठेच नव्हते.

1767 च्या जकातीविरुद्ध वसाहतींनी ब्रिटिश मालावर घातलेला बहिष्कार मधल्या काळात विरून गेला होता, हेही सांगायला हवे. 1770 मध्ये चार वस्तूंवरची जकात उठली आणि व्यापाऱ्यांनी माल मागवायला सुरुवात केली. बॉस्टनमध्ये तर जकात भरलेला चहाही राजरोस उतरत होता. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांचा भर डच चोरट्या चहावर. तत्त्व सगळ्यांच्या तोंडी होते, आणि पेला कुठून भरला हे कोणी विचारत नव्हते.

मग 1773 मध्ये आपल्याकडे जिला पुढे ‘कंपनी सरकार’ म्हटले गेले ती व्यापारी कंपनी बुडायला आली. बंगालात दुष्काळ पडून गेला होता, लंडनच्या पेढ्या कोसळल्या होत्या, आणि गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चीनचा चहा पडून होता. सरकारने तिला 14 लाख पौंडांचे कर्ज दिले आणि बदल्यात हिंदुस्थानातील कारभाराला लगाम घातला. मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या देखरेखीखाली आणणारा कायदा तो हाच. म्हणजे राघोबादादाच्या प्रकरणात मुंबई आणि कलकत्ता यांची जी ओढाताण झाली, तिचे मूळ आणि बॉस्टनच्या चहाचे मूळ एकाच दिवाळखोरीत आहे.

चहाचा कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. कंपनीने चहा थेट अमेरिकेला पाठवावा, इंग्लंडात भरलेली जकात तिला पूर्ण परत मिळावी, आणि विक्री तिने निवडलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांनी करावी. त्यामुळे तिचा चहा चोरट्या डच चहाशी भावात टक्कर देणार होता. चहा महाग झाला म्हणून बंड झाले, हा सर्रास आढळणारा समज उलटा आहे. अमेरिकेतली तीन पेन्सची जकात तेवढी कायम राहिली. एका विरोधी सदस्याने सभागृहात बजावले होते की ती उठवली नाही तर चहा कोणी घेणार नाही. नव्या पंतप्रधानांनी ऐकले नाही. 1769 मध्ये जकात ठेवणाऱ्या पाच मतांत त्यांचेही एक होते.

भाव पडला तर पहिला फटका चोरट्या चहाच्या व्यापाऱ्यांना, आणि आंदोलनाला पैसा पुरवणाऱ्यांत ते होते, यात शंका नाही. पण स्वस्त चहा लोकांनी एकदा घेतला की तीन पेन्सही घेतले जाणार आणि गव्हर्नरचा पगारही निघणार, हे इतरांनाही दिसत होते. फिलाडेल्फियात छापलेल्या एका पत्रकात तर बंगालच्या दुष्काळातल्या मृतांचा हवाला देऊन विचारले होते की हीच कंपनी आता इकडे येणार का.

बाकीच्या बंदरांनी वेळ मारून नेली. फिलाडेल्फियाने जहाज परत धाडले, चार्ल्सटनला चहा जकात अधिकाऱ्यांनी जप्त करून कोठारात टाकला. बॉस्टनमध्ये पहिले जहाज 28 नोव्हेंबरला बंदरात शिरले. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार होता. जकात भरल्याशिवाय जहाज परत जाऊ द्यायला गव्हर्नर तयार नव्हते. चहा विकायला कंपनीने निवडलेल्या व्यापाऱ्यांत त्यांची दोन मुले होती. मुदत संपायच्या आदल्या रात्री, 16 डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या 342 पेट्या आंदोलकांनी पाण्यात फेकल्या. कंपनीने नुकसान 9,659 पौंड सांगितले.

यापुढचे सारे भराभर घडले. 1774 मध्ये बॉस्टन बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली, आणि इतर वसाहतींना एकदम वाटले की उद्या आपली पाळी. त्या सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. एप्रिल 1775 मध्ये ब्रिटिश फौज आणि वसाहतींचे लोक यांच्यात गोळीबार, ऑगस्टमध्ये राजाचा बंडखोरीचा जाहीरनामा. नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोरांचे जे गुलाम आपल्या फौजेत येतील त्यांना मुक्ती जाहीर केली आणि दक्षिणेतले कुंपणावरचे मळेवाले एका रात्रीत ‘स्वातंत्र्यवादी’ झाले. 2 जुलै 1776 ला विलगतेचा ठराव झाला. दोन दिवसांनी त्याचा जाहीरनामा मंजूर झाला.

1778 मध्ये पार्लमेंटने चहावरची जकात उठवली. सोबतच कायदा केला की यापुढे वसाहतींवर महसुलासाठी कर नाही. व्यापाराच्या नियमनासाठी जकात लावली तरी तिचे उत्पन्न त्या त्या वसाहतीतच खर्च होईल. शेतकऱ्याच्या नावाने पत्रे लिहिणाऱ्याचा भेद दहा वर्षांनी शब्दशः मान्य झाला. तोवर अमेरिकेने फ्रान्सशी तह केला होता. नव्या अटी घेऊन निघालेले ब्रिटिश शिष्टमंडळ जूनमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचले, तेव्हा त्यांचीच फौज शहर सोडण्यासाठी सामान बांधत होती.