लग्नाला निघालेल्या गाडीचा पिकअप

मे महिन्यातल्या लग्नसराईत बीडहून अंबाजोगाईकडे निघालेली एक छोटी पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर आणावी. आत पाच माणसे, डिकीत आहेराच्या पिशव्या आणि पाण्याचा जार, एसी पूर्ण चालू आणि बाहेर 42 अंश. पुढे दोन्ही अंगांनी कडबा लोंबणारा टेम्पो चाललेला असतो. चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, इंजिन घोगरे होते, गाडी मात्र टेम्पोच्या मागच्या चाकापाशीच रेंगाळते. हीच गाडी डिसेंबरच्या सकाळी एकट्याने चालवताना चपळ वाटलेली असते, त्यामुळे 'पिकअप गेला' म्हणून लोक गॅरेज गाठतात. पुष्कळदा गाडीत बिघाड काहीच नसतो.

पहिला हिशेब वजनाचा आहे. 900 किलोची गाडी माणसे व सामानासह 1300 किलोची झाली, की ताशी 50 किलोमीटरवरून 80 वर जाण्यासाठी तिला सुमारे 2 लाख ज्यूल ऊर्जा लागते. एकटा चालक असताना हेच काम दीड लाखाच्या आत होते. माहितीपत्रकातले आकडे हे ओझे धरून छापलेले नसतात.

दुसरा हिशेब हवेचा. इंजिन जेवढे पेट्रोल जाळते तेवढ्याच प्रमाणात त्याला प्राणवायू हवा असतो, आणि तापलेली हवा विरळ असते. एकाच गावात, एकाच दाबाखाली, 12 अंशांच्या हवेपेक्षा 42 अंशांच्या हवेची घनता जवळपास 10 टक्क्यांनी कमी भरते. शिवाय बीड समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर असल्यामुळे किनाऱ्याच्या तुलनेत आणखी 5 टक्क्यांच्या आसपास घट आधीच झालेली असते. टर्बो असलेले इंजिन हवा दाबून भरत असल्याने उंचीची उणीव बरीचशी भरून काढते, साध्या इंजिनाला ती सोय नाही. त्यातच एसीचा कॉम्प्रेसर काही अश्वशक्ती खातो. म्हणूनच अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबताच हा कॉम्प्रेसर क्षणभर आपोआप बंद होतो.

तरीही टेम्पोमागच्या त्या अडचणीत सर्वांत मोठा वाटा माझ्या मते गिअरचा असतो. गाडीची '80 अश्वशक्ती' ही इंजिन मिनिटाला साधारण 6000 फेरे घेत असतानाची असते. ताशी 50 ला पाचव्या गिअरमध्ये ते जेमतेम 1500 फेरे घेते आणि तेथे त्याच्याकडे 17-18 अश्वशक्तीच असते, मग पाय कितीही जोरात दाबला तरी फरक पडत नाही. तिसरा गिअर टाकताच फेरे 2600 च्या घरात जातात, हाती असलेली शक्ती दुपटीने वाढते आणि चाकाला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोरही त्याच प्रमाणात चढतो. इंजिन ओरडते, मागच्या सीटवरून कोणीतरी 'हळू' म्हणते. पण ॲव्हरेजच्या काळजीने पाचव्यातच रेटत राहण्यापेक्षा हा आवाज बरा, कारण समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनमध्ये गाडी निम्म्याहून कमी वेळ राहते.

चढावर हा हिशेब आणखी कडक होतो. चाळीसगावकडून कन्नडला येताना औट्रम घाटात जेथे शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल, तेथे ही भरलेली गाडी ताशी 40 च्या वेगाने नुसती वर नेण्यातच साडेनऊ अश्वशक्ती खर्ची पडते. वेग वाढवायचा तो उरलेल्या शक्तीतून. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत गॅस स्वतःच हवेची जागा अडवतो, शक्ती 10 ते 15 टक्क्यांनी घटते आणि टाकीचे वजन वेगळे.

राहता राहिला एअर फिल्टर. आधुनिक गाडीत तो तुंबला तरी ॲव्हरेज फारसे ढळत नाही, कारण हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही आणि पिकअप मात्र हळूहळू उतरत जातो. मिस्त्री फिल्टर काढून फरशीवर आपटतो, तेव्हा त्यातून शेतरस्त्यांची उन्हाळाभराची माती पडते.