वेस्टची लाईन कुठंय?

शिडाची बोट. बोटीवर खारफुटीचे, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचे अभ्यासक आणि त्यांच्यासोबत शाळेतून, घरातून, कधी कोर्टाची पायरी चढून आलेली पोरं. पोरांनी शिडं ओढायची, रात्रीच्या पाळ्या करायच्या, ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरून झाडं मोजायची. अशा एका मोहिमेची बातमी मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचली. भाकरी मोडता मोडता एक सहकारी म्हणाले, "सर, माजलगावला समुद्र कधी यायलाय?" सगळे हसले. मीही हसलो.

समुद्र आपल्याकडे येत नाही हे खरं, पण आपण त्याच्याकडे जातोच आहोत. पैठणच्या नाथसागरातून सुटलेलं गोदेचं पाणी आमच्या तालुक्याच्या अंगानं गंगाखेड, नांदेड करत तेलंगणात शिरतं आणि शेवटी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. तिथं काकिनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. ते ज्या चिखलात उभं आहे, त्यात आपल्या काळ्या रानाची मातीही आहे. १९७६ साली जायकवाडी झालं, पुढं गोदेवर आणि तिच्या उपनद्यांवर आणखी धरणं झाली. धरणामागं गाळ अडतो आणि खाली त्रिभुज प्रदेशाला कमी पोचतो. म्हणजे खारफुटीचं आणि आपलं नातं आहेच, थोडं भांडणाचं का असेना.

पण मला आज गाळाचं नाही, मिठाचं सांगायचंय.

मिठानं पीक कसं मरतं हे मराठवाड्यात शिकवावं लागत नाही. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं पाजून रान खारवट होतं, मग वाफ्यात पाणी उभं असूनही पीक माना टाकतं. मूठभर युरिया बुडाशी जास्त पडला की पान कडेनं करपतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. तिन्हींमागं एकच गोष्ट आहे. पाणी आरपार जाऊ देणारा पण मीठ अडवणारा पडदा मध्ये असला, की पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. बाहेर मीठ जास्त झालं की मुळानं पाणी घ्यायच्या ऐवजी मुळातलंच पाणी बाहेर जाऊ पाहतं.

मग समुद्राच्या पाण्यात, जिथं लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, तिथं कांदळ आणि तिवर ही खारफुटीची झाडं हिरवीगार कशी उभी राहतात?

याचं उत्तर मला आमच्या गावच्या आरओ प्लांटवर, म्हणजे दाब देऊन पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) पाणी गाळून गोड करतात तिथं, नीट समजलं. पत्र्याची खोली, आत निळे पाईप, बाहेर वीस लिटरच्या जारची रांग. प्लांट सांभाळणारा पोरगा माझाच विद्यार्थी. आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, हा आजीपाशी राहायचा आणि नववीत शाळा सोडून बसला. मध्ये एका मोटारीच्या चोरीत नाव आलं. सरकारी कागदावर अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. गावात जे म्हणतात ते इथं लिहीत नाही. तर हा पोरगा मला गेजवरचा काटा दाखवत म्हणाला, "सर, प्रेशर पडलं की गोड पाणी बंद. नुसतं मेम्ब्रेन असून काय व्हतंय?"

आमच्या अर्ध्या पाठ्यपुस्तकी उत्तरांत हेच सुटतं. खारफुटीच्या मुळाला गाळणी असते, असं सांगून आपण मोकळे होतो. गाळणी आहेच. मुळाच्या आतल्या भागात पेशींच्या भिंतींना मेणचट पट्ट्यांचं लिंपण असतं, त्यामुळे पाण्याला भिंतीच्या फटीतून चोरवाट उरत नाही, पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं. पडद्यात फक्त पाण्यासाठीची सूक्ष्म दारं असतात. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ सालचं नोबेल मिळालं. मीठ मोठ्या प्रमाणावर बाहेरच राहतं, नव्वद टक्क्यांहून जास्त. पण परासरण पाण्याला उलट्या दिशेनं ओढत असतं. समुद्राच्या पाण्यासाठी ही ओढ सुमारे २५ किलोची आहे. किलो म्हणजे पंक्चरवाला म्हणतो तो. मोटारसायकलच्या टायरात दोन किलोच्या आसपास हवा असते, त्याच्या बारापट. एवढ्या जोराला पुरून उरल्याशिवाय समुद्रातून गोड पाण्याचा थेंब निघत नाही. समुद्राचं पाणी गोड करणारे कारखाने त्यासाठी प्रचंड पंप लावतात. झाडाला पंप कुठला?

झाड ढकलत नाही, वरून ओढतं. पानातून वाफ होऊन पाणी उडतं, तशी पेशींच्या भिंतींतल्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याची पातळी आत खेचली जाते, तिला बाक येतो. पृष्ठताण त्या बाकाला सरळ करू पाहतो आणि मागच्या सगळ्या पाण्याला वर ओढतो. छिद्र जितकं बारीक तितकी ओढ मोठी. हिशेब केला तर ६० किलोची ओढ पेलायला छिद्राची त्रिज्या सुमारे २४ नॅनोमीटर लागते, म्हणजे छिद्राची रुंदी आपल्या केसाच्या साधारण दीड हजाराव्या भागाएवढी. पानातली छिद्रं त्याहूनही बारीक असतात. पानापासून मुळापर्यंत पाण्याचा एक अखंड दोर आहे आणि तो वरून ताणलेला आहे.

इथं वर्गातला हुशार पोरगा हात वर करतो, आणि करायलाच हवा. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटार तीस-बत्तीस फुटांखालचं पाणी ओढत नाही, हे शेतकऱ्याच्या लेकराला माहीत असतं. तिथं तर ओढ जेमतेम एक किलोची. मग झाड २५ किलोंच्या पलीकडं कसं जातं? कारण मोटार मुळात ओढतच नाही. ती पाईपात पोकळी करते आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला दाबून वर चढवते. हवेचा दाबच एक किलो, म्हणून मर्यादाही तेवढीच. झाडात हवेचं काही काम नाही. तिथं पाण्याचे रेणू एकमेकांना धरून आहेत आणि वरचा रेणू खालच्याला खेचतो. दोरात बुडबुडा शिरला की मात्र खेळ संपला. मोटारीनं हवा धरावी तशी ती नळी निकामी होते. म्हणून खारफुटीच्या लाकडात पाण्याच्या नळ्या बारीक आणि पुष्कळ असतात. एक गेली तरी शेजारची चालू राहते.

हे सगळं खरं कशावरून? १९६५ साली पेर शोलँडर या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ओढ मोजून दाखवली. युक्ती इतकी सोपी की आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. पानांची डहाळी कापायची. कापताच ताणलेला दोर तुटतो आणि रस देठात आत सरकतो. डहाळी पोलादी डब्यात बंद करायची, कापलेलं टोक तेवढं बाहेर. मग डब्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला टोकावर रस पुन्हा चमकतो, तेवढी झाडातली ओढ. उंच झाडांच्या शेंड्याची डहाळी मिळवायला या लोकांनी चक्क रायफलनं गोळी घालून ती पाडली होती. खारफुटीत काटा ३० किलोंपासून ६० पर्यंत गेला. आणि माझा सगळ्यात आवडता तपशील असा, की रात्री, वाफ जवळजवळ थांबलेली असतानाही, ओढ समुद्राच्या २५ किलोंच्या खाली उतरत नाही. उतरली तर झाडातलं पाणी उलट समुद्रात जाईल. पानांच्या पेशी स्वतःत मीठ आणि इतर विद्राव्यं भरून ठेवतात, म्हणून त्या एवढ्या ताणातही सुकत नाहीत. या झाडाला रात्रीची सुट्टी नाही.

जाता जाता. आमच्याकडं दरवर्षी कुणीतरी बोअरच्या पाईपाला बांधायचं चुंबक विकायला येतो. क्षार 'फुटतात', पाणी गोड होतं, पीक दुप्पट येतं म्हणे. हातावर नारळ उभा करून पाणी दाखवणारा निदान दक्षिणा घेऊन जातो. चुंबकवाला तर पक्कं बिलही देतो. पडदा नाही, दाब नाही, आणि मीठ बाहेर पडायला वाट नाही, तर मीठ गेलं कुठं? आरओवरच्या पोरानं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र, बुडवून दाखवलं. चुंबकाच्या आधी आणि नंतर आकडा तोच.

बोटीकडं येतो. खारफुटी मोजायला शिडाची बोट बरी पडते, कारण खाडीच्या आतल्या भागात रस्ता जात नाही आणि तिथं दिवसेंदिवस मुक्काम करावा लागतो. काम किचकट आहे, पण पोरांना जमण्यातलं आहे. साध्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. कांदळाला मात्र खोडाच्या वरून कमानीसारखी मुळं फुटतात, म्हणून सगळ्यात वरच्या मुळाच्याही ३० सेंटिमीटर वर टेप लावायचा. पाण्याचा खारटपणा मोजायला थेंबभर पाणी काचेवर टाकून नळी डोळ्याला लावायची. ऊस तोडायला आला का हे बघायला कारखान्याचा माणूस लावतो ते ब्रिक्स मीटर, तेच यंत्र, आतली पट्टी तेवढी वेगळी.

समुद्रावर नेल्यानं मुलं सुधारतात का? कल्पना जुनी आहे. १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथं कुर्ट हान यांनी 'आउटवर्ड बाउंड' ही साहस-शिबिरांची शाळा सुरू केली. १९९७ साली जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी असल्या साहस-शिबिरांचे ९६ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. तो शिबिरानंतर विरून गेला नव्हता, आणि वीस दिवसांहून लांब शिबिरांत जास्त होता. मध्यम, एवढंच. 'लाटांनी आयुष्य बदललं' असले मथळे मला चुंबकवाल्याच्या जातीचे वाटतात. बोटीवरून उतरलेलं पोरगं परत त्याच घरी, त्याच गल्लीत जातं. माझा अंदाज विचाराल तर समुद्रापेक्षा मोजण्याचं काम जास्त उपयोगी पडत असावं. टेप मोजणाऱ्याचा मागचा इतिहास विचारत नाही. पण हा अंदाज आहे, अभ्यास नव्हे.

हे सगळं मी प्लांटवर स्टुलावर बसून त्या पोराला सांगितलं. शोलँडरच्या डब्यापर्यंत तो जार धूत ऐकत होता, पृष्ठताणाच्या हिशेबाला उठून नळ बंद करून आला. मग म्हणाला, "सर, मंग झाडाची वेस्टची लाईन कुठंय?"

मी गप्प झालो. आरओत जेवढं गोड पाणी निघतं, त्याच्याबरोबर अडवलेलं मीठ घेऊन दुसऱ्या पाईपानं खारं पाणी बाहेर पडतं. ते पडलं नाही तर पडदा चोंदतो. मुळानं अडवलेलं मीठही मुळाभोवतीच साठत जाणार. घरी येऊन वाचलं. मीठ साठतंच. ते धुऊन न्यायला भरती-ओहोटी लागते, आणि चिखल घट्ट असल्यानं पाणी आत पोचवायला खेकड्यांची बिळं लागतात. भरतीचं पाणी बिळात शिरतं, भोवतीच्या चिखलातलं मीठ घेतं आणि ओहोटीबरोबर निघून जातं. बांध घालून, रस्त्याचा भराव टाकून भरती अडवली, की एक झाड न तोडताही खारफुटी मरते, यामागचं एक मोठं कारण हेच.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला सांगितलं. त्यानं मला खोलीच्या मागं नेलं. वेस्टचा पाईप भिंतीतून बाहेर येऊन जमिनीवर टपकत होता, भोवती माती पांढरी पडलेली, मध्ये लिंबाच्या रोपाची वाळकी काडी.

"दोनदा लावलं," तो म्हणाला. "हितं भरती कुठली यायची, सर."

परवा गेलो तेव्हा पाईपाला आणखी दहा फूट तुकडा जोडून त्यानं ते पाणी शेजारच्या हौदात सोडलं होतं. बाया त्यावर जार आणि म्हशी दोन्ही धूत होत्या.