डंपरचं चाक धरून ठेवतं कोण?

दहाचाकी डंपरचं मागचं चाक हबला, म्हणजे आसाच्या टोकाशी फिरणाऱ्या मधल्या भागाला, कशानं धरलेलं असतं? हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारा किंवा इंजिनिअरिंगच्या वर्गात विचारा, उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: स्टडनी. हबमधून दहा जाड स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, बाहेर आलेत, चाकाची भोकं त्यांच्यात अडकवलीत, वरून नट आवळलेत. म्हणजे गाडीचं वजन त्या दहा स्टडवरच येणार. दिसतं तसंच. पण नीट बसवलेल्या चाकात स्टडवर आडवा भार जवळजवळ येतच नाही. स्टड आणि भोक यांच्यात चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा असते. चाक मध्यावर आणण्याचं काम हबचा वळसा, म्हणजे मधला गोल उंचवटा, करतो आणि चालताना सगळा भार पेलण्याचं काम घर्षण करतं.

हे एकदा समजलं की पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींकडे किंवा चाकण-तळेगावच्या रस्त्यांवर टायरवाल्यांकडे जे चालतं ते पाहून जीव वरखाली होतो. पान्याला दीड मीटरचा पाइप लावायचा, त्यावर उभं राहून दोन हिसके द्यायचे, आट्यांना आधी ऑइल चोपडायचं आणि चाक ‘कायमचं’ बसलं असं समजायचं. जड, रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांची चाकं टिकाऊ कशी करायची, यावर जाड पोलाद, मोठं बेअरिंग, भारी टायर अशी चर्चा खूप होते. ती सगळी महत्त्वाची आहेच. पण मला विचाराल तर या संपूर्ण रचनेचं मर्म स्टडच्या एका लांबीत आहे: सुमारे ०.१ मिलिमीटर. नट आवळल्यावर स्टड एवढाच ताणला जातो आणि सारी मदार त्या ताणावर असते.

आठ-दहा पुस्तकं आडवी धरून, दोन्ही हातांनी दोन टोकांकडून दाबून उचलून बघा. मधल्या पुस्तकांना खालून काहीच आधार नाही, तरी ती पडत नाहीत. जोपर्यंत दाब आहे तोपर्यंत घर्षण आहे. हातांच्या जागी दहा स्टड ठेवा, पुस्तकांच्या जागी बाहेरच्या चाकाची डिश (भोकं असलेली मधली पोलादी तबकडी), आतल्या चाकाची डिश आणि हब ठेवा. झालं जोडचाक.

आता आकडे. जड टिपरला २२ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांचे स्टड सर्रास असतात आणि नट साधारण ६०० न्यूटन-मीटरला आवळतात. कोरड्या आट्यांसाठीचा नेहमीचा हिशोब असा: टॉर्कला, म्हणजे नट पिळण्याच्या जोराला, स्टडच्या व्यासानं भागा, मग ०.२ नं भागा. उत्तर येतं १३६ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १४ टन. हा झाला एका स्टडचा ताण. दहा स्टडचे मिळून १४० टन! पोलादावर पोलादाचा घर्षणांक ०.१५ धरला तर या दाबातून २१ टनांचं घर्षण उभं राहतं. मागच्या एका जोडचाकावर भार येतो सुमारे ५ टन. म्हणजे चौपट राखीव. खड्ड्यातला दणका, ब्रेकचा झटका, दगडावर चढताना येणारी पीळ, हे सगळं त्या चौपटीतून भागवायचं असतं. ती चैन नाही, गरज आहे.

गंमत अशी की ६०० न्यूटन-मीटरपैकी स्टड ताणण्याच्या कामी येतात जेमतेम ३० ते ४०. बाकी सगळा टॉर्क नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घर्षणावर खर्च होतो. त्यामुळे घर्षण थोडं बदललं की ताण प्रचंड बदलतो. त्याच ६०० ला आटे तेलकट असतील तर वरचा ०.२ घसरून ०.१५ होतो आणि ताण १८ टनांच्या पुढे जातो. ७० किलोचा माणूस दीड मीटरच्या पाइपच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी हजार न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क पडतो. तेलकट आट्यांवर एवढा टॉर्क पडला की १०.९ प्रतीचा, म्हणजे उच्च ताकदीच्या पोलादाचा, चांगला स्टडही आपल्या मर्यादेला टेकतो. त्यापुढे तो स्प्रिंगसारखा परत येत नाही, कायमचा लांबतो. बाहेरून नट घट्टच दिसतो. कंपनीच्या पुस्तकात आटे कोरडे ठेवा म्हटलं असेल तर कोरडे, तेलाचा थेंब द्या म्हटलं असेल तर तेवढाच. टॉर्कचा आकडा त्या अटीसकट दिलेला असतो.

आता ताण का हवा, याचं दुसरं आणि माझ्या मते अधिक सुंदर कारण. इथे थोडं सावकाश वाचा.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासहून अधिक माणसं गेली. आस तर भार सोसण्याइतका मजबूत होता, मग तुटला कसा, या प्रश्नावर पुढे अनेकांनी डोकं लावलं. जर्मनीतल्या रेल्वेचा अभियंता ऑगस्ट व्होलर यानं १८५० आणि १८६० च्या दशकांत आस फिरवत ठेवून, वाकवत ठेवून, तुटेपर्यंत फेरे मोजले. त्याला दिसलं की एका दणक्यात तोडायला लागणाऱ्या भाराच्या कितीतरी कमी भारानं धातू तुटतो, तो भार लाखो वेळा कमीजास्त होत राहिला तर. आणि मुख्य म्हणजे भार किती आहे यापेक्षा तो किती हलतो, हे जास्त महत्त्वाचं. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो.

डंपरचं चाक एका किलोमीटरमध्ये जवळपास ३०० वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्टड एकदा वर, एकदा खाली येतो आणि चाकाला वाकवू पाहणारा जोर त्याला एकदा ओढतो, एकदा सोडतो. साडेतीन हजार किलोमीटर म्हणजे दहा लाख फेरे. खाणीतल्या गाडीला ते काही महिन्यांचं काम आहे. आणि आट्यांची गोम अशी की स्टड कितीही उच्च प्रतीच्या पोलादाचा असो, आट्यांच्या खाचेत ताण एकवटत असल्यामुळे २२ मिलिमीटरचा स्टड दर चौरस मिलिमीटरला साधारण ४४ न्यूटनच वर-खाली सोसू शकतो. एकदाच ओढलं तर हाच स्टड ९०० च्या पुढेही टिकतो! महाग पोलाद घेऊन हा ४४ चा आकडा फारसा वाढत नाही.

मग वाचवतं कोण? आधीचा ताण. समजा, वळणावर चाक स्टडला ४ टनांनी बाहेर ओढतंय. नट सैल असेल तर स्टडवरचा भार शून्यावरून ४ टनांवर जातो आणि परत शून्यावर येतो; म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६० न्यूटन वर-खाली. थकून तुटणार, हे नक्की. तोच स्टड १४ टनांना ताणलेला असेल तर काय होतं? चाकाची डिश आणि हब हे दाबले गेलेले आहेत आणि ते स्टडपेक्षा कितीतरी ताठ आहेत, समजा चौपट. बाहेरून ओढ आली की तिचा चार-पंचमांश हिस्सा या दाबलेल्या भागांचा दाब हलका करण्यात जातो. स्टडच्या वाट्याला येतो एक-पंचमांश. १४ चे होतात १४.८ आणि परत १४. दर चौरस मिलिमीटरला फक्त १२ न्यूटन वर-खाली. स्टड कायम चौदा टनांनी ओढलेला आहे, पण त्याला हालचाल जाणवतच नाही. ज्याला आपण जास्त ताण समजतो तोच त्याचं आयुष्य वाढवतो. शाळेतल्या हूकच्या नियमाच्या पलीकडे यात काहीही नाही.

नट सुटतात कसे, याचाही उलगडा इथेच आहे. थरथरीनं नट सुटतो असं आपण सहज म्हणतो, पण स्टडच्या दिशेनं कितीही हादरे दिले तरी चांगला आवळलेला नट सहसा हलत नाही. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं आडवे हादरे देणारं यंत्र वापरून दाखवलं की खरा शत्रू आडवी सरक आहे. घर्षण एका वेळी एकाच दिशेला विरोध करू शकतं. पृष्ठभाग आडवा सरकायला लागला की त्याचं सगळं घर्षण त्या दिशेला खर्ची पडतं आणि फिरण्याच्या दिशेला काही उरत नाही. आटे म्हणजे शेवटी एक गुंडाळलेला उतार. ताणलेला स्टड नटाला त्या उतारावरून खाली ढकलतच असतो. प्रत्येक सरकेला नट अंशभर फिरतो. ताण कमी झाला की सरक वाढते, सरक वाढली की नट आणखी फिरतो. एक स्टड गेला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, म्हणून चाक निखळतं तेव्हा स्टड बहुधा ओळीनं तुटलेले सापडतात.

आता त्या ०.१ मिलिमीटरकडे परत येऊ. चाकाला सुंदर दिसावं म्हणून जाड रंग दिला, डिशच्या दोन्ही बाजूंना, हबच्या तोंडालाही. जोडचाकात असे पाच थर मध्ये येतात. रंग दाबाखाली आणि ब्रेकच्या उष्णतेनं बसतो. प्रत्येक थर नुसता ०.०१ मिलिमीटर बसला तरी एकूण ०.०५ मिलिमीटर गेले. दाबलेल्या डिशही थोड्या फुलतात हे धरून हिशोब केला तर सुमारे ४० टक्के ताण उडतो. १४० टनांचे ८४ होतात, घर्षण २१ वरून साडेबारा टनांवर येतं आणि ५ टनांच्या चाकाला अडीचपट दणका बसला की सरक सुरू! नट मात्र एक अंशही फिरलेला नाही. मध्ये चिखल, गंज, खडीची भुकटी राहिली तरी हेच. म्हणूनच चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासायचे असतात. फिटर काम नीट करत नाही म्हणून नव्हे, पृष्ठभाग बसतातच म्हणून.

म्हणून चांगला डिझाइनर काय करतो? हब आणि डिशची तोंडं सपाट, मशीन केलेली ठेवतो, तिथे रंग पातळ ठेवतो किंवा देतच नाही. स्टडची पकडीतली लांबी वाढवता आली तर वाढवतो, कारण लांब स्टड जास्त ताणला जातो आणि मग पृष्ठभाग तेवढेच बसले तरी नुकसान कमी होतं. नटाला स्वतंत्र फिरणारं रुंद वायसर देतो. डिशमधल्या भोकांच्या कडा गोल करतो, कारण भेग तिथूनच सुरू होते. चाकाचा भार दोन टेपर रोलर बेअरिंगांच्या मधोमध पडेल असं चाक आत-बाहेर सरकवून ठरवतो. जीपच्या चाकामागे रुंदीसाठी स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घालणारे नेमकी हीच मेहनत मोडतात. ‘मिलिटरी ग्रेड’ असं खोक्यावर छापलं म्हणून बेअरिंगवर वाढलेला वाकवणारा जोर कमी होत नाही.

हब बहुधा गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाचं असतं. ते साध्या बिडासारखं एकदम फुटत नाही. असं ओतीव काम कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत होतं, अ‍ॅक्सलचे बीम आपल्या पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जमध्ये घडवले जातात आणि गाड्यांच्या भागांना महिनोन्महिन्यांचा मार काही दिवसांत देऊन बघण्याचं काम पुण्यातल्याच वेताळ टेकडीवरची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. चाक जागेवर ठेवून त्याला सतत वाकवत फिरवायचं आणि भेग पडेपर्यंत फेरे मोजायचे. व्होलरचाच प्रयोग, नव्या यंत्रावर.

आपल्याकडचा दगड हा या गाड्यांचा वेगळा शत्रू. दख्खनचा काळा बेसाल्ट कठीण आणि फोडला की धारदार कडांचा. तो टायरची बाजू कापतो. पावसाळ्यात त्याच दगडाच्या भुकटीचा चिखल होतो, हबच्या सीलमधून आत जातो आणि ग्रीसमध्ये मिसळून बेअरिंग घासत बसतो. आणि एक धोक्याची गोष्ट: जड गाड्यांची रिम अनेकदा दोन-तीन तुकड्यांची, लॉक रिंगनं धरलेली असते. तिच्यावर हवेचा टनावारी जोर असतो. चाक उतरवायला नट सैल करण्याआधी जोडचाकातल्या दोन्ही टायरची हवा पूर्ण काढलीच पाहिजे आणि हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात असलाच पाहिजे. याबाबत तडजोड नको, माणसं मेली आहेत.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. पान्याला हळदकुंकू लावण्याला माझी हरकत नाही. पण नव्या डंपरच्या चाकाखाली लिंबू चिरडून चाक सुरक्षित होतं ही समजूत मात्र सोडायला हवी. स्टडच्या ताणात लिंबानं काडीचा फरक पडत नाही. टॉर्क पाना वर्षातून एकदा, किंवा ५००० वेळा वापरल्यावर, तपासून घ्यावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वर्षातून एकदाच येणारा तो दिवस त्यासाठी ठरवून टाकला तर गॅरेजमधला प्रत्येक पाना खरा आकडा दाखवेल.

काही गाड्यांच्या नटांवर हल्ली पिवळ्या प्लास्टिकचे बाण दिसतात. शेजारच्या दोन नटांचे बाण समोरासमोर ठेवायचे. एखादा वळलेला दिसला की नट फिरला. वस्तू स्वस्त आहे, उपयोगी आहे, जरूर लावावी. पण बाण फक्त फिरणं दाखवतो. रंग बसून ताण उडाला आणि नट जागेवरच राहिला तर बाण सरळच राहणार. त्या अवस्थेत डोळ्यांना दिसू शकते ती नटाच्या बुडापासून डिशवर बाहेर पसरलेली गंजाची तांबूस रेघ. डिश सरकतेय, पोलाद घासलं जातंय, त्याची ती भुकटी. ती दिसली की नुसता नट आवळून गाडी काढू नये. चाक उतरवावं, तोंडं घासून स्वच्छ करावीत, भोकांच्या कडेला भेग आहे का बघावं, लांबलेले स्टड बदलावेत आणि मग समोरासमोरच्या क्रमानं, पाइप बाजूला ठेवून, टॉर्क पान्यानं नट आवळावेत.