ड्रम स्मोकरसाठी कोळसा: ब्रिकेट्स की लम्प?

५५ गॅलनचे, म्हणजे साधारण २०८ लिटरचे पोलादी पिंप, तळाशी कोळशाची जाळीदार टोपली, पत्र्याला खालच्या बाजूस पाडलेली तीन-चार भोके, निखाऱ्यांपासून सुमारे दोन फूट वर मांसाची जाळी आणि झाकणाला धूर जाण्याची वाट, एवढ्यावर इथला, म्हणजे अमेरिकेतला, मांस धुरावर सावकाश शिजवण्याचा ड्रम स्मोकर पुरा होतो. विस्तव आणि मांस यांच्यामध्ये ना पाण्याचे भांडे असते ना आडवा पत्रा. चरबी वितळून थेट निखाऱ्यांवर पडते आणि तिचा धूर वर येऊन मांसाला लागतो. तापमान राखण्यासाठी आपल्या हातात प्रामुख्याने खालची भोके असतात. त्यामुळे पिंपासाठी कोळसा निवडताना तो किती ‘शुद्ध’ आहे यापेक्षा तो वाऱ्याशी कसा वागतो, हे आधी पाहावे असे माझे मत आहे.

आपल्याकडे ज्याला लोणारी कोळसा म्हणतात, तोच इथल्या दुकानातला लम्प. लाकूड अपुऱ्या हवेत तापवले की त्यातले पाणी आणि उडून जाणारे पदार्थ निघून जातात आणि कार्बन उरतो. झाडाचा आकार मात्र तसाच राहतो. पिशवीतला एखादा तुकडा हातात घेऊन पाहिला तर लाकडाची वलये मोजता येतात, आणि चांगला भाजलेला तुकडा दुसऱ्यावर आपटला तर काचेसारखा किणकिणतो. ओक, हिकरी, मेक्सिकोतून येणारे मेस्कीट, दक्षिण अमेरिकेतले केब्राचो अशी अनेक लाकडे त्यासाठी वापरली जातात, आणि यांपैकी मेस्कीट तडतडून ठिणग्या उडवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

ब्रिकेट म्हणजे कोळशाच्या भुकटीत स्टार्चची खळ मिसळून साच्यात दाबलेली उशीच्या आकाराची वडी. कोळशाच्या चुऱ्यात शेण किंवा माती कालवून गोळे वळायचे आणि ते उन्हात वाळवून बंबात घालायचे, हे ज्यांनी आजोळी पाहिले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. अमेरिकेत एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ साली ब्रिकेटच्या एका रचनेचे पेटंट घेतले, परंतु तो घरोघरी पोहोचला तो हेन्री फोर्ड यांच्यामुळे: मोटारींच्या लाकडी भागांतून उरणाऱ्या तुकड्यांचे काय करायचे, या प्रश्नाला १९२०च्या दशकात मिशिगनमध्ये मिळालेले ते उत्तर होते. पुढे त्याच व्यवसायाला ‘किंग्सफर्ड’ हे नाव मिळाले. आजच्या ब्रिकेट्समध्ये उत्पादकानुसार चुनखडी, थोडा दगडी कोळसा किंवा साच्यातून वडी सुटावी म्हणून बोरॅक्स असू शकतो. काहींत भुकटी आणि स्टार्च यांपलीकडे काही नसते. पिशवीवरचा मजकूर वाचूनच ती घ्यावी.

खरा फरक कळतो तो टोपली भरल्यावर. पिंपात दीर्घकाळ शिजवण्याची रूढ रीत जिम मिनियन या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या बार्बेक्यूवाल्याच्या नावाने ओळखली जाते: टोपली न पेटवलेल्या कोळशाने भरायची, वर दहा-पंधरा फुललेले निखारे ठेवायचे आणि आग शेजारच्या कोळशाला हळूहळू लागत जाईल अशी व्यवस्था करायची. या रीतीत ब्रिकेट्स आपले गुण दाखवतात. सर्व वड्या एका मापाच्या असल्याने त्यांच्यातल्या फटीही जवळजवळ सारख्या असतात, दाबलेल्या भुकटीमुळे त्या सावकाश जळतात, आणि आग रांगेतल्या माणसांसारखी एकामागून एक पुढे सरकते. भोके एकदा जमवली की २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२० अंश सेल्सिअस, हे तापमान कित्येक तास फारसे हलत नाही.

लम्पच्या पिशवीत मात्र मुठीएवढ्या तुकड्यांपासून पोह्यांच्या चुऱ्यापर्यंत सर्व काही निघते. एकदा रात्री पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचे मांस, ठेवून मी निर्धास्त झोपलो होतो. टोपलीत निव्वळ लम्प होता, तोही मोठाल्या तुकड्यांचा. दोनच्या सुमारास थर्मामीटर ओरडला तेव्हा काटा १९० वर आला होता. झाकण काढून पाहिले तर खालचे तुकडे जळून गेले होते, आणि वरच्या न पेटलेल्या तुकड्यांची एकमेकांना टेकून छान कमान झाली होती. विस्तव आणि सरपण यांच्यामध्ये पोकळी पडली होती. मी पिंपाला पायाने दोन धक्के दिले, कमान कोसळली, आणि मघापासून उघड्या झाकणातून मिळत असलेल्या हवेने सगळा ढीग एकदम फुलला. अर्ध्या तासात काटा ३२० च्या पुढे गेला. चूक कोळशाची नव्हती, मी टोपली ओतून भरली होती, रचून नव्हे. मोठे तुकडे फोडून घेतले, बारीक चुरा चाळून टाकला आणि फटी हाताने बुजवल्या तर लम्पही रात्रभर टिकतो, परंतु तेवढी मेहनत दर वेळी करण्याची तयारी हवी.

वाऱ्याला चटकन प्रतिसाद देणे हा लम्पचा स्वभाव आहे, आणि घाईच्या कामात तोच उपयोगी पडतो. कोंबडीची कातडी कुरकुरीत व्हायची असेल तर पिंप ३२५ ते ३५० अंशांपर्यंत न्यावे लागते. लम्प असेल तर भोके मोकळी करताच ते तिथे पोहोचते. तासाभराच्या त्या कामासाठी मी ब्रिकेट्सना हात लावत नाही.

राख ही ब्रिकेट्सची उघड उणी बाजू. खनिज मिसळलेल्या ब्रिकेट्सची राख लम्पच्या मानाने बरीच जास्त पडते, आणि टोपली पिंपाच्या बुडाला टेकलेली असेल तर आठ-दहा तासांत ती टोपलीची जाळी आणि हवेची वाट दोन्ही कोंडते. टोपलीला तीन इंचांचे पाय लावले की हा प्रश्न बहुतेक सुटतो. चिनी मातीच्या कामाडो चुलीत राखेला एवढी जागा नसते, म्हणून तिथे लम्पचा आग्रह योग्य आहे. तोच आग्रह पिंपाच्या बाबतीत जसाच्या तसा धरण्याचे कारण मला दिसत नाही. (ब्रिकेटच्या राखेने भांडी घासण्याचा मोह मात्र टाळावा, ती आपल्या चुलीतली राख नव्हे.)

चवीबद्दल वाद फार होतात. मांसाला लागणारा धुराचा स्वाद मुख्यतः कोळशात खोचलेल्या हिकरीच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाच्या तुकड्यांतून आणि निखाऱ्यांवर पडणाऱ्या चरबीतून येतो. कोळशाचे काम उष्णता देण्याचे. सुरुवातीचा दाट पांढरा धूर ओसरून तो विरळ, निळसर होण्याआधीच मांस ठेवले तर दोन्ही कोळशांनी चव बिघडते. एका बाबतीत मात्र तडजोड नसावी: काडी लावताच पेटणारे, ज्वलनशील द्रव मुरवलेले ब्रिकेट्स पिंपात घालू नयेत, कारण न पेटवलेला कोळसा तासन्‌तास एकेक करून पेटत राहतो आणि त्या द्रवाचा वास अखेरपर्यंत येत राहतो.

साठवणीत लम्प उजवा. पावसात भिजलेला लम्प वाळवून वापरता येतो, तर भिजलेल्या ब्रिकेटमधली खळ सुटते आणि वडीची पुन्हा भुकटी होते.

माझ्यापुरते म्हणायचे तर ब्रिस्केट (गाईच्या छातीचे मांस) आणि पोर्क शोल्डरसाठी साधे, कमी राखेचे ब्रिकेट्स, कोंबडीसाठी लम्प, आणि रिब्जसाठी (बरगड्यांसाठी) टोपलीत ब्रिकेट्स भरून वर फक्त पेटवणीचे निखारे लम्पचे, अशी वाटणी मी केली आहे. लम्प लवकर फुलत असल्याने पेटवणीचा वेळ वाचतो. काम झाले की खालची भोके आणि झाकणाची वाट दोन्ही बंद करावीत, म्हणजे विस्तव हवेअभावी विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून जोराने हलवावी: लम्प राख झटकून जवळजवळ नव्यासारखा निघतो, ब्रिकेट्स मात्र अर्धे झिजलेले आणि राखेचा अंगरखा घातलेले हाती येतात, ते तळाशी घालून वर नवे ओतावेत.