लेझर बॅटरी

मोटरहोम, कॅरव्हान (चाकांवरची फिरती घरे) व लहान नौका यांतील दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा इत्यादींना वीज पुरवणारी, सामान्यतः १२ व्होल्टची संचायक (वीज साठवणारी) घटमाला. इंजिन सुरू करणारी बॅटरी हिच्याहून वेगळी असते. येथे ‘लेझर’ म्हणजे फुरसत. लेसर किरणांशी या नावाचा संबंध नाही. ही संज्ञा मुख्यतः ब्रिटनमधील असून अमेरिकेत ‘हाउस बॅटरी’ म्हणतात.

बऱ्याच वाहनांत ती अजूनही शिसे-अम्ल प्रकारची (सल्फ्यूरिक अम्लात शिशाच्या पट्टिका असलेली) असते. या संचायकाच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. जर्मन वैद्य व्हिल्हेल्म झिन्स्टेडेन यांनी १८५४ च्या सुमारास सल्फ्यूरिक अम्लात बुडवलेल्या शिशाच्या पत्र्यांवर प्रयोग केले होते; त्यामुळे काही लेखक त्यांना अग्रमान देतात. तथापि, वीज साठवण्याच्याच हेतूने पुन्हापुन्हा भारित होणारा घट फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये घडवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ कामीय फोर यांनी १८८१ मध्ये पट्टिकांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची रीत आणली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ग्लॅडस्टन व ट्राइब यांनी, वीज काढून घेताना दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेट तयार होते, असा सिद्धांत मांडला. लेझर बॅटरीची निगा याच सल्फेटाभोवती फिरते. बॅटरी अर्धवट भारित राहिली की त्याचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि धारकता (वीज साठवण्याची क्षमता) कायमची घटते.

इंजिनाच्या बॅटरीत पातळ पट्टिका अधिक संख्येने असतात, कारण तिला क्षणभर मोठा प्रवाह द्यायचा असतो. लेझर बॅटरीच्या पट्टिका जाड असतात, म्हणून बरीच वीज काढलेली ती अधिक सोसते. तरीही निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून रोज ४० अँपिअर-तास (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर प्रवाह तासभर) लागत असतील आणि दोन दिवस भारणाविना काढायचे असतील, तर १६० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. छापील धारकता बहुधा २० तासांच्या संथ वापरावर मोजलेली असते. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-अम्ल बॅटरीतून ५० अँपिअर ओढल्यास ती दोन तास टिकत नाही (पॉइकर्टचा नियम, १८९७: प्रवाह जितका मोठा, तितकी मिळणारी धारकता कमी). नॅशनल कॅरव्हान कौन्सिल या ब्रिटनमधील कॅरव्हान उद्योगाच्या संघटनेच्या योजनेत बॅटऱ्यांचे ए, बी व सी असे वर्ग आहेत. वीजजोडणीपासून दूर मुक्काम करणाऱ्यांसाठी ए वर्ग आहे.

काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास असल्यास ती पूर्ण भारित, १२.२ च्या आसपास असल्यास निम्मी समजतात. हिवाळ्यात वाहन उभे असताना ती भारितच ठेवावी. रिकाम्या बॅटरीतील अम्ल शून्याखाली काही अंशांवरच गोठू शकते, पूर्ण भारित असल्यास मात्र कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उघड्या (झाकण काढून पाणी घालता येणाऱ्या) प्रकारात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. भारणात हायड्रोजन सुटतो, त्यामुळे वायुनलिका वाहनाबाहेर काढणे अत्यावश्यक आहे.

जेल (अम्ल घट्ट केलेल्या) व एजीएम (अम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेल्या) बॅटऱ्यांत पाणी घालावे लागत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते व तिची बरीचशी धारकता वापरता येते. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली ती भारित करू नये आणि चार्जर तिच्याजोगा असावा.

घरगुती इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (नळीदार पट्टिकांची) बॅटरीही खोल विसर्जनासाठीच, म्हणजे साठ्यातील बरीचशी वीज काढण्यासाठीच, असते, पण ती घरात स्थिर उभी राहण्यासाठी बनवलेली असल्याने धावत्या वाहनात पर्याय म्हणून बसवणे इष्ट नाही.