“लहान आहे, विसरेल!”

हॉस्पिटलमधून घरी आलेल्या मुलाबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. टाके सुकतात, ताप उतरतो. पण पोर रात्री दचकून उठतं, आईला क्षणभर सोडत नाही, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परत येते. याला लाडावणं म्हणू नका. मेंदू अजून धोक्याच्या पहाऱ्यावरच आहे.

1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला सशाची भीती वाटे. उपचारांनी ती बरीच ओसरली होती, तेवढ्यात त्याला स्कार्लेट फीवर झाला. सुमारे दोन महिन्यांनी हॉस्पिटलमधून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सशाची भीतीही पुन्हा उफाळली!

गेलेली भीती परत येते कशी? मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते इथेच. ती गेलेलीच नसते. मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला ‘पांढरा कोट म्हणजे सुई’ अशी जोडी पक्की करतो. पुढे पांढरा कोट दिसूनही काही दुखलं नाही, तर ती जोडी खोडली जात नाही. ‘पांढरा कोट म्हणजे काही होत नाही’ अशी दुसरी जोडी तिच्या शेजारी तयार होते. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या दुसऱ्या जोडीच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. लहानपणी हा कॉर्टेक्स अजून घडत असतो, म्हणून लगामही सैल. शिवाय दुसरी जोडी कुठे शिकली हे हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग, नोंदवून ठेवतो. त्यामुळे सुरक्षिततेचा धडा बऱ्याच अंशी जागेला चिकटतो. भीती मात्र सहज कुठेही पसरते. घरी शांत झालेलं मूल फेरतपासणीच्या दारात किंचाळतं, ते यामुळे.

आणि नवी जोडी तयार व्हायला अंदाज चुकावा लागतो: वाईटाची अपेक्षा, आणि वाईट घडलंच नाही. मायेपोटी घरात हॉस्पिटलचा विषयच बंद केला, तर अंदाज चुकायला संधीच उरत नाही. म्हणून मुलाला डॉक्टर-डॉक्टर खेळू द्या, बाहुलीला शंभरदा इंजेक्शन देऊ द्या. शक्य असेल तर फक्त गप्पा मारायला त्या इमारतीत जाऊन या. घाई नको, पीटरला तो खात असताना ससा लांबून, हळूहळू जवळ आणला होता. शेवटी त्याने सशाला आपली बोटं कुरतडू दिली. सुई टोचणार असेल तर “काही नाही होणार” म्हणू नका. अंदाज उलट्या दिशेनं चुकला, तर जुनी जोडीच बळकट होते.

‘एका बैठकीत भीती मुळापासून पुसतो’ अशा जाहिरातींना भुलू नका. वरची यंत्रणा पाहता तो दावा टिकत नाही.

दचकणं, टाळणं, वाईट स्वप्नं महिनाभरानंतरही कमी होत नसतील, किंवा मूल खाणं-खेळणं सोडून गप्प बसत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. भेटीला निघण्याआधी तिथे काय होणार आहे, ते मुलाला खरंखरं सांगा.